डेलमारच्या नावाचा लघुग्रह

लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राकडून आलेलं, संगणकावरून छापून आणलेलं पत्र व्होंडाने वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि तव्यावरचा पॅनकेक तसाच टाकून स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली.

"अगं, करपतंय!" टेबलापाशी बसलेला डेलमार ओरडला.

"करपू दे!"

तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या या बाईने परसातल्या कोंबड्यांच्या खुराड्याला सरकतं छप्पर बसवून आत दुर्बीण ठेवली होती. एक्याण्णवच्या ऑक्टोबरात तिला पहिला लघुग्रह सापडला आणि 'याला तुझंच नाव' असा शब्द तिने नवऱ्याला देऊन टाकला. पण कक्षा पक्की झाल्याशिवाय नाव ठेवता येत नाही. दोन रात्री तिने त्याच्या जागा टिपल्या आणि तिसऱ्या रात्री तिला टल्साला जावं लागलं, धाकट्या बहिणीच्या, फिलिसच्या, दुसऱ्या लग्नाला. परत येईतो आभाळ भरलेलं. मग तो दिसलाच नाही. तेव्हापासून डेलमार आल्यागेल्याला सांगे, "हिने मला हरवलंय." तो हसत सांगायचा, पण तिला लागायचं. आयुष्यात एवढा एक शब्द दिला होता, आणि तोच पाळता आला नव्हता.

यंदा, नव्याण्णवच्या ऑक्टोबरात, तिला दुसरा सापडला. सहा आठवडे तिने त्याची पाठ सोडली नाही. हा मात्र फिलिसने आधीच मागून ठेवला होता, आणि आता ती स्वतःचं नाव काढलेला केक घेऊन दारात उभी होती.

"फिलिस, आधी बस," व्होंडा म्हणाली. "त्याला सूर्याभोवती फिरायला चार वर्षं लागतात. कक्षा मागे मोजत नेली, तर ती एक्याण्णवच्या माझ्याच दोन नोंदींवर येऊन टेकली. हा दुसरा नाहीच! एकच लघुग्रह मी दोनदा शोधलाय!"

"म्हणजे माझा गेला?"

"तुझ्या लग्नापायीच हरवला होता."

"आणि ते लग्न तरी कुठे टिकलं!" फिलिस म्हणाली, आणि दोघी बहिणी पोट धरधरून हसल्या.

डेलमार बोटं मोजत होता. "एक्याण्णव, पंच्याण्णव, नव्याण्णव... अगं, म्हणजे पंच्याण्णवच्या ऑक्टोबरातही मी येऊन गेलो की! तेव्हा कुठे होतीस तू?"

व्होंडाचं हसू थांबलं. त्या महिन्यात तिने खुराड्याचं छप्पर एकदाही सरकवलं नव्हतं.

"टूसॉनच्या हॉस्पिटलात," ती म्हणाली. "तुझ्या छातीला टाके होते. तुझ्या उशाशी बसले होते मी."

डेलमारने तिचा पिठाचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. फिलिसने नाक ओढलं, केकवरचं आपलं नाव बोटाने पुसून चाटून टाकलं आणि सुरी उचलली.

"डेलमार, चॉकलेटचा चालेल ना रे?"

"हरवलेल्या माणसाला काहीही चालतं."

"सापडलेल्या," व्होंडा म्हणाली.