आखाजीचं नवं गाणं

डोळे मिटा बाळांनो, आणि एक नदी समोर आणा. पाणी फार नको. वैशाखातली खानदेशातली नदी ती, मधोमध घोटाभर धार आणि दोन्ही बाजूंना तापलेली वाळू. अल्याडच्या काठावर गावातल्या बायापोरी, पल्याडच्या काठावर वस्तीवरच्या. आता अल्याडच्या रांगेत सर्वांत पुढे, ओल्या वाळूत टाचा रोवून उभ्या असलेल्या पोरीकडे बघा. तिचं नाव मोहिनी. ती पाचवीत आहे, आणि तिला आज एका माणसावर सूड उगवायचा आहे.

तो माणूस तिच्या मागेच होता. काठावर मंडप टाकला होता आणि त्यात गावचे पुढारी जीवरामभाऊ पाय पसरून बसले होते. एरवी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरुष नदीकडे फिरकत नाहीत. गौराईला पाण्यावर आणायचं आणि मग दोन काठांवरून एकमेकींना गाण्यातून शिव्या घालायच्या, हा बायकांचा दिवस. त्या शिव्यांचा राग धरायचा नाही. सूर्य बुडेपर्यंत नदीत जे बोललं जातं ते नदीतच राहतं, असा इथला रिवाज. पण यंदा निवडणूक तोंडावर होती, आणि भाऊंना बायकांच्या घोळक्यातला व्हिडिओ हवा होता.

मोहिनीने वळून पाहिलं. भाऊंकडे नाही, त्यांच्या पलीकडे. एका खडकावर तिची आई ज्योत्स्ना नदीकडे पाठ करून बसली होती.

होळीनंतर चौकात भाऊंची सभा झाली होती. भाऊ माइक धरून गरजत होते, "परदेशी मालाला हात लावू नका! बाहेरच्या देशांनी आपला कापूस मातीमोल केला, आपलं तेल महाग केलं!" टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ज्योत्स्ना उभी राहिली. तिची फाट्यावर भज्यांची गाडी. तेल महागलं की आधी तिची कढई ओरडायची.

"भाऊ," ती म्हणाली, "तुम्ही घरोघर पिशव्या वाट्यात, त्यामातलं पाम तेल बी बाहेरना देशनंच शे ना? वर फोटू तुमना, मझार तेल परकानं. मंग आम्ही बहिष्कार कोनावर टाकाना? तेलवर का फोटूवर?"

सभा हसली. भाऊही हसले. भाऊंचं हसणं फोनवर घेणारा त्यांचा माणूस राकेश मात्र हसला नाही.

दोन दिवसांनी गाडी उलटी पडली. उकळतं तेल रस्त्यावर सांडलं, मातीने ते चर्र करून पिऊन टाकलं. शाळेतून येणाऱ्या मोहिनीने तो आवाज ऐकला. संध्याकाळी ज्योत्स्नाला चौकात उभं केलं. राकेश एकेक वाक्य सांगत गेला आणि ती हात जोडून त्याच्यामागून म्हणत गेली. माझं चुकलं. भाऊंच्या राज्यात सगळं स्वस्त आहे. भाऊंच्या पिशवीतलं तेल गोड आहे. मी तोंड बंद ठेवीन. रात्रीपर्यंत त्याचा व्हिडिओ गावातल्या प्रत्येक फोनवर पोचला. दुसऱ्या दिवशी वर्गातली मुलं मोहिनीला बघून हात जोडत होती.

गाडी पुन्हा लागली. पण ज्योत्स्नाने तोंड खरंच बंद ठेवलं. गिऱ्हाईक आलं की भुवई उंचावून विचारायची, किती? दरवर्षी आखाजीला जिच्या गाण्याची झील पल्याडच्या शेतांपर्यंत जायची, ती आज नदीकडे पाठ करून बसली होती.

भोंग्यातून राकेशचा आवाज आला.

"माताभगिनींनो, यंदा शिव्यांची गाणी नकोत. हा व्हिडिओ जिल्हाभर जाणार आहे. भाऊंबद्दल काही चांगलं म्हणा."

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. दरवर्षी गाणं उचलणारी धुरपदाबाई पाण्यात पचकन थुंकली.

"शिव्या नहीत, त आखाजी कसानी रे मुडद्या? बिगर मीठनं वरन!"

पल्याडच्या काठावर खसखस पिकली. मग दोन्ही काठांनी आठवून पाहिलं. कुणालाच काही चांगलं आठवेना.

"आजी, मी म्हणू?" मोहिनी म्हणाली. "चांगलंच म्हणते."

धुरपदाबाईने तिच्याकडे पाहिलं. पोरीच्या नाकपुड्या थरथरत होत्या. "म्हन वं माय," म्हातारी म्हणाली, "आखाजी शे."

मोहिनीने गौराईची जुनीच चाल धरली, सावकाश.

"मनं चुकनं वं माय, मनं चुकनं,
भाऊना राजमा बठ्ठं सस्तं शे..."

भाऊ खुर्चीत पुढे सरकले. "वा! कोनी पोर शे ही? राकेश, माइक दे तिले. नीट ऐकू येऊ दे."

राकेश बुटांसकट पाण्यात उतरला आणि माइक तिच्या तोंडाशी धरला. भोंगे मंडपावर होते, देवळावर होते, फाट्यावरही होते.

"भाऊना पिशवीनं तेल गोड शे,
मी तोंड बंद ठेवसू वं माय, बंद ठेवसू..."

आधी धुरपदाबाईला उमगलं. तिने टाळी दिली आणि झील धरली, "सस्तं शे वं माय, सस्तं शे!" मग रांगेतून ते पसरत गेलं. चौकात त्या दिवशी खाली मान घालून उभ्या राहिलेल्या बाया आता माना वर करून गात होत्या. पल्याडच्या काठाला तर उत्तर द्यायची सवयच. तिकडून सवाल आला,

"गॅसनी टाकी कशी शे वं?"

"सस्ती शे वं माय, सस्ती शे!"

"तूरनी डाय कशी शे वं?"

"सस्ती शे वं माय, सस्ती शे!"

"पोरनी फी कशी शे वं?"

भाऊ अजून मान डोलावत होते. त्यांच्या बोटांनी खुर्चीच्या हातावर धरलेला ठेका मध्येच थांबला. मोहिनी तेच बघत होती. त्यांच्या गालावरचं हसू तिथेच राहिलं आणि मानेवरची शीर फुगत गेली. तिच्या जिभेला मिठातली कैरी लागल्यासारखं झालं. आणखी फुगू दे, तिला वाटलं. फुटू दे.

"बंद कर," भाऊ दातांतून म्हणाले.

राकेश गोंधळला. "काय सांगीसन बंद करू, भाऊ? तुमनी स्तुतीच शे. शबद बी आपलाच शेतस."

तेवढ्यात खडकावरून एक आवाज आला. घोगरा, बरेच दिवस न वापरलेला.

"आनि भाऊना शबद कसा शे वं?"

क्षणभर कुणाला कळेना, कोण बोललं ते. ज्योत्स्ना उभी होती, नदीकडे तोंड करून. मग दोन्ही काठ एकदम उसळले,

"सस्ता शे वं माय, सस्ता शे!"

गावच्या आखाजीत दोन काठांनी एकच गाणं म्हटल्याचं धुरपदाबाईलाही आठवत नव्हतं.

भाऊंनी ज्योत्स्नाकडे पाहिलं, मग मोहिनीकडे, आणि उठले. चालत पाण्यापर्यंत आले. सगळे फोन त्यांच्याकडे वळले होते, म्हणून ते हसत होते. त्यांनी राकेशच्या हातातला माइक घेतला, बटण बंद केलं आणि परत त्याच्याकडे दिला. मग मोहिनीपुढे वाकले आणि कौतुक केल्यासारखा तिचा गाल चिमटीत धरला. चिमूट घट्ट होती. तिच्या कानाशी, तिलाच ऐकू जाईल असं ते म्हणाले,

"तुनी मायले सांग. सकाय गाडी फाटावर दिसनी, त ह्या टाइमले तेल मातीमा पडाव नही."

मोहिनीला उकळती कढई दिसली, आणि कढईसमोर आई. भाऊ सरळ उभे राहिले, फोनांकडे बघून त्यांनी हात जोडले.

बाया थांबल्या होत्या. पोरीला काय सांगितलं, हे कुणालाच कळलं नव्हतं. "काय म्हननात वं ते?" धुरपदाबाईने विचारलं. आई खडकावरून उतरून वाळूतून धावत येत होती.

मोहिनीने आईकडे पाहिलं. मग पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य बाभळींच्या शेंड्यांवर होता, बुडाला नव्हता. गालावरचा लाल वळ तिने एकदा चोळला, भाऊंचं ते वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवून चालीत बसतं का ते पाहिलं. बसत होतं. तेव्हा तिने पल्याडच्या काठाकडे तोंड केलं, छाती भरून श्वास घेतला, आणि माइकशिवायच, पहिल्यापेक्षा वरच्या पट्टीत, नवं कडवं उचललं,

"तुनी मायले सांग वं माय, मायले सांग..."