दोन खिडक्यांची खोली

थोरली सगळ्यांशी खोटं बोलायची. नवऱ्याशी बोलायची, दिराशी बोलायची, नको असलेले पाहुणे आले की डोकं दुखतंय म्हणून त्यांच्याशीही बोलायची. चहाबद्दल मात्र तिला खोटं बोलता यायचं नाही. घोट तोंडात गेला की खरं तेच बाहेर यायचं, मग समोर सासरा असो नाहीतर गिऱ्हाईक. सासरा म्हणायचा, "माझ्या घरात नाकं पुष्कळ आहेत. जीभ एकच, थोरलीची." या एका वाक्यावर तिने चोवीस वर्षं त्या घरात काढली होती.

दुकान जुन्या चहाचं. पुएर म्हणतात त्या चहाला. पानं वाफवायची, दाबून बशीएवढी चकती करायची, आणि मग वर्षानुवर्षं ठेवायची. साधा चहा जुना झाला की कचरा होतो. हा जुना झाला की मुरतो. मात्र ठेवणाऱ्याला ठेवता आलं पाहिजे, नाहीतर मुरायच्या ऐवजी कुजतो.

बावीस वर्षांपूर्वी सासऱ्याने एकाच डोंगराच्या, एकाच खुडणीच्या चौऱ्याऐंशी चकत्या आणल्या आणि दोन सुनांत सारख्या वाटल्या. सात चकत्यांचा एक गठ्ठा, बांबूच्या सालपटात बांधलेला. सहा गठ्ठे हिला, सहा तिला. मुलांच्या हातात एकही दिली नाही. म्हणाला, "मुलगे विकून मोकळे होतील. सुना एकमेकींच्या नाकावर टिच्चून जपतील." म्हाताऱ्याला आपलं घर चांगलं ठाऊक होतं.

खोली निवडायचा पहिला मान थोरलीचा. तिने माडीवरची घेतली. समोरासमोर दोन खिडक्या, खेळता वारा, जमीन कोरडी ठणठणीत. धाकटीच्या वाट्याला तळघर आलं. भिंतींना घाम, पायऱ्यांवर शेवाळ, आणि दार उघडलं की ओल्या घोंगडीसारखा वास. थोरली तेव्हा जेवताना म्हणाली होती, "बरं झालं हो, चहाच्या राखणीला बेडूकही मिळतील फुकटात." सगळे हसले होते. धाकटीही हसली होती, पण एक क्षण थांबून. धाकटीचं हसू कायम असंच. आधी विचार करायचं, मग यायचं. थोरलीला ते कधीच सोसलं नाही.

वर्षं गेली. दर पंधरा दिवसांनी तळघरातून काहीतरी ओढल्याचे आवाज यायचे. "उंदरासारखी खुडबुडत असते," थोरली नवऱ्याला सांगायची. नवरा हूं म्हणायचा. त्याने आयुष्यभर हूं म्हटलं, म्हणून त्याचं आयुष्य सुखाचं गेलं.

दरवर्षी एक पारखी यायचा. लांब नाकामुळे घरात त्याला सगळे नाकाड्या म्हणत, तोंडावरसुद्धा. दोघींच्या चकतीचा एकेक तुकडा टोच्याने सोडवायचा, मातीच्या लहान किटलीत टाकायचा, पहिलं उकळतं पाणी ओतून फेकायचं आणि दुसऱ्या पाण्याचा चहा प्यायचा. सुरुवातीची वर्षं थोरलीची होती. तिचा चहा मधाच्या रंगाचा, सुवासिक, ताठ. धाकटीचा नुसता गढूळ. पुढे हळूहळू उलटं होत गेलं. तळघराच्या दमट हवेत धाकटीचा चहा काळपट लाल झाला, त्याचा कडूपणा आतल्या आत विरघळला. थोरलीचा मात्र होता तिथेच राहिला, घशात बोचणारा. हे दिसायला लागलं तशी थोरलीने धाकटीचा चहा तोंडाला लावणंच सोडलं. कधी डोकं दुखायचं, कधी पित्त व्हायचं. खरं कारण एकच. जीभ साक्ष देईल, ही भीती.

बाविसाव्या वर्षी नाकाड्याने धाकटीचा पेला खाली ठेवला आणि डोळे मिटले. मग म्हणाला, "हा आहे बावीस वर्षांचा. आणि तो," त्याने थोरलीच्या किटलीकडे बोट केलं, "नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा."

दीर खदखदून हसला.

"पण एक आहे," नाकाड्या म्हणाला. "याच्यात तळघर अजून बोलतंय. घोट गेल्यावर मागे ओला वास राहतो. तेवढा गेला पाहिजे."

सासऱ्याने मेजाच्या खणातून लाकडी शिक्का काढून मधोमध ठेवला. जो चहा तो स्वतः पिईल त्याच्याच वेष्टणावर हा शिक्का उमटायचा. शिक्का ज्याच्याकडे तो दुकानाच्या पुढच्या मेजावर बसणार, काय विकायचं आणि काय नाही ते ठरवणार. "माझे हात थरथरायला लागलेत," म्हातारा म्हणाला. "पुढच्या वर्षी याच दिवशी परत चाखू. जिचा चहा वरचढ, तिचा शिक्का."

त्यानंतर थोरलीला अन्न गोड लागेना. धाकटी केस विंचरत असली तरी हिला वाटायचं, शिक्क्यासाठीच विंचरतेय. मुळात अक्कल धाकटीची नव्हतीच, खोलीची होती! चहा तोच, डोंगर तोच, खुडणी तीच, मग फरक कशाचा? खोलीचा. आणि ती खोली आपण आपल्या हाताने, हसत हसत, त्या बाईला दिली. या विचाराने ती भाजी चिरता चिरता सुरी आपटायची.

एके दिवशी सगळे जेवायला बसलेले असताना ती म्हणाली, "मामंजी, खोल्या बदलायच्या. बावीस वर्षं एकीनेच तळघर भोगायचं, हा कुठला न्याय?"

धाकटीच्या हातातून पळी पडली. "ताई, वाटेल ते मागा. तळघर नका मागू हो!"

"का? तुझ्या माहेराहून आणलंय का?"

"मी हात जोडते. माझा चहा तिथे वाढलाय. वर नेला तर त्याचं काय होईल?"

"माझ्याचं जे झालं ते होईल. मिसरूड फुटेल!"

धाकटी पदर तोंडाला लावून रडायला लागली. ते पाणी बघून थोरलीला कितीतरी महिन्यांनी भूक लागली. तिने आणखी एक पोळी मागून घेतली. सासरा खाली मान घालून जेवत होता. त्याच्या मिशीत काय चाललं होतं ते कुणाला दिसलं नाही. "बदला," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गठ्ठे हलले. तळघराची किल्ली देताना धाकटी म्हणाली, "दर पंधरा दिवसांनी पालटत जा, ताई. तळाचा गठ्ठा वर, भिंतीकडचा आत. कोरड्या दिवशी दार उघडं, ओल्या दिवशी बंद."

"तू मला चहा शिकवणार?" थोरली म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचली.

तिने काही पालटलं नाही. खोलीच जर काम करते, तर खोलीला करू दे. ती रोज खाली जायची, घाम आलेल्या भिंतीवर म्हशीच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटायची आणि समाधानाने वर यायची. नवव्या महिन्यात तिने सगळ्यात खालचा गठ्ठा उचलला तर सालपट हातात भिजून आलं. आत सातही चकत्यांवर पिवळी बुरशी, केसाळ. दुसऱ्या गठ्ठ्याच्या कडा गेलेल्या. वरचे चार वाचले होते. तिने तो बुरशीचा गठ्ठा पोटाशी धरून मागच्या दाराने नेला आणि पुरला. नवऱ्याने विचारलं, काय गं ते? म्हणाली, मेलेली घूस. तो म्हणाला, हूं.

चाखायचा दिवस आला. नाकाड्या आला, किटल्या मांडल्या गेल्या. थोरलीने वरच्या गठ्ठ्यातली चकती आणली होती. तिच्यात खरोखरच थोडा फरक पडला होता. बोचणं कमी झालं होतं, रंग गडद झाला होता. नाकाड्या म्हणाला, "पोरगा सुधारतोय." थोरलीच्या जीवात जीव आला.

मग धाकटीची किटली पुढे आली. नाकाड्याने हात लांब केला, तोच सासरा म्हणाला, "तू थांब. आज निकाल थोरली सांगेल. घरातली जीभ तिची आहे."

"मामंजी, माझं डोकं..."

"दुखू दे. पी."

सगळ्यांच्या नजरा पेल्यावर. थोरलीने ठरवलं, काहीही म्हणायचं. कुजलाय म्हणायचं. नुसतं 'बरा आहे' म्हटलं तरी शिक्का धाकटीकडे जाणार नाही. तिने घोट घेतला.

आधी काहीच झालं नाही. चहा इतका मऊ होता की तोंडात आहे की नाही कळेना. मग जुन्या लाकडाचा वास आला, त्याच्यामागून कापरासारखा गारवा, आणि घशाच्या तळाशी एक गोडी, जी घोट संपला तरी संपेना. ती ओल्या घोंगडीच्या वासाची वाट बघत राहिली. एकदा तो आला की बस्स, त्यालाच धरायचं. तो आला नाही. दुसरा घोट घेतला. नाही. तळघर गप्प झालं होतं.

कुठे गेला वास? आणि मग तिला कळलं कुठे गेला. वर्षभर समोरासमोरच्या दोन खिडक्यांतून, खेळत्या वाऱ्याबरोबर, निघून गेला होता. तिच्या खिडक्यांतून. बावीस वर्षं ओलीत मुरलेल्या त्या चहाला शेवटी एकच गोष्ट हवी होती, एक कोरडी खोली. घरात तशी एकच होती, आणि ती तिने भांडून, जबरदस्तीने, धाकटीच्या गळ्यात मारली होती.

"काय म्हणतेस?" सासऱ्याने विचारलं.

'कुजलाय' हा शब्द दातापर्यंत आला.

"मुरलाय," थोरली म्हणाली. तिला वाटलं आपलं थोबाड आपणच फोडावं. "इतका मुरलेला चहा मी जन्मात प्यायले नाही."

सासऱ्याने शिक्का धाकटीपुढे सरकवला.

नंतर दोघी मोरीवर किटल्या धुवायला बसल्या. थोरलीने किटली इतकी घासली की पाणी काळं झालं.

"तुला माझी खोली हवी होती."

"हो."

"मग मागायचीस की!"

"मागितली असती तर दिली असतीत?" धाकटीने पेला उपडा घातला. "लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी खिडकीजवळची खाट मागितली होती मी. अजून भिंतीकडे तोंड करून झोपते. तेव्हापासून तुमच्याकडे काही मागायचं सोडलं, ताई. फक्त जे हवंय ते नको म्हणायचं."

"रडलीस ती?"

"रडणं खरं होतं. तुम्ही मागे फिराल या धास्तीने आलं."

थोरलीने घासलेलीच किटली परत घासली. मग म्हणाली, "माझ्या चहाला अजून किती?"

"पालटत राहिलात तर तळघरात आठ-दहा वर्षं. मग वास काढायला वरची खोली लागेल."

"देशील?"

"मुळीच नाही," धाकटी म्हणाली आणि पदराला हात पुसून, शिक्का घेऊन, पुढच्या मेजावर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरलीने पदर खोचला, तळघराचं दार सताड उघडलं आणि पहिल्यांदाच गठ्ठे पालटायला घेतले. तळाचा वर, भिंतीकडचा आत. कंबर मोडली, नखांत माती गेली. एक गठ्ठा पोटाशी धरून ती पायरीवर थांबली, धाकटी बसली होती त्या बाजूला तोंड केलं, आणि नवऱ्याला ऐकवावं तशी, पण सगळ्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी तर बाई हे तळघर मरेपर्यंत सोडणार नाही! दोन खिडक्यांची ती खोली कुणी पाया पडून दिली तरी नको!"

नवरा म्हणाला, "हूं."

पुढच्या मेजावरून धाकटीचं हसू आलं. या वेळी ते क्षणभरही थांबलं नाही.

थोरली दात-ओठ खात दुसरा गठ्ठा आणायला खाली उतरली.