एकोणिसावा अंक

"भिंतीकडे बघा," मी म्हटलं.

"बघतोय. आधी सांगा, बेचाळिसावा भाग तुम्हाला का आवडत नाही?"

पहिली सुई आत गेली. नकाशेवाले काकांनी ओठ घट्ट मिटले आणि मग सैल सोडले. त्यांच्या डाव्या हाताची शीर आता करंगळीएवढी जाड झाली होती. तिच्यावर टोचायला नवी जागा शोधायची म्हणजे रोजची कसरत.

"कारण त्या भागात कप्तान रडतो," मी म्हटलं. "एकेचाळीस भाग ज्या माणसाची पापणी लवत नाही, तो कुत्रं मेल्यावर हमसून हमसून रडतो. आणि कुत्रं आलं कुठून? आधीच्या एकाही भागात कुत्रं नाही."

"तो कुत्र्यासाठी रडत नाही. निमित्त मिळालं म्हणून रडतो."

"मग तसं दाखवायचं होतं."

"दाखवलंय. तुमचं लक्ष नव्हतं."

मी दुसरी सुई टोचली, नळ्या जोडल्या आणि मशीन सुरू केलं. लाल नळीतून रक्त बाहेर निघालं, धुऊन निळ्या नळीतून परत जायला लागलं. पुढचे चार तास काका त्या खुर्चीला बांधलेले. आठवड्यातून तीनदा, सकाळी साडेसहाला.

आमच्या खोलीत अशा सहा खुर्च्या आहेत, प्रत्येकीशेजारी एक मशीन आणि समोर गाड्या लावायच्या जागेकडे उघडणारी एक खिडकी. बावीस वर्षं मी इथे डायलिसिसची तंत्रज्ञ आहे. सगळे सिस्टर म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्त करायची, आता कोण तोंड वाजवणार. माझ्या पाठीमागे मला 'यानबाई' म्हणतात तेही मला ठाऊक आहे. पन्नाशी उलटलेली बाई जेवणाच्या सुट्टीत परग्रहांवरून भांडते, म्हटल्यावर लोकांनी आणखी काय म्हणावं? नवरा तर बाहेरच्यांसमोर सांगतो की हिला वाचनाची आवड आहे. यंत्रमानवांचं नाव काढत नाही.

मी तेरा वर्षांची असताना टीव्हीवर 'सातवं गलबत' नावाची मालिका लागायची. काचेच्या पेट्यांमध्ये झोपलेली नऊशे माणसं दुसऱ्या सूर्याकडे निघालेली, आणि जागे दोघंच: एक कप्तान आणि झोपलेल्यांवर लक्ष ठेवणारी एक बाई. बावन्न भाग झाले. शेवटच्या भागात गलबत उतरतं, दार उघडतं, पांढराशुभ्र उजेड आत येतो आणि संपतं. दारापलीकडे काय होतं ते कुणी दाखवलंच नाही. लोकांनी टीव्हीवाल्यांना शिव्यांची पत्रं धाडली. मी अभिनंदनाचं धाडलं. तेव्हापासून माझी एक वही आहे. तीत प्रत्येक भागाला दहापैकी गुण दिलेले आहेत. बेचाळिसाव्याला तीन आहेत आणि ते तीनच राहणार.

"किती उरले?" काकांनी विचारलं.

"आजचा धरून चार."

"म्हणजे पुढच्या बुधवारी संपतंय," ते म्हणाले आणि टॅबलेट मांडीवर सरळ केला. मी वजनाचा आकडा लिहायला वळले.

आमच्यात तसं ठरलंच होतं. काकांनी अडतीस वर्षं एका कार्यालयात जमिनीचे नकाशे काढले. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, पाठोपाठ मूत्रपिंडं गेली, आणि हृदय इतकं कमजोर की दुसरं मूत्रपिंड बसवायचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं की मला हे नको. मशीन बंद केलं तर आठवडा, फार तर दहा दिवस. डॉक्टरांनी हे त्यांना दोनदा समजावलं, मनाच्या डॉक्टरांनाही बोलावून घेतलं. माणूस पूर्ण भानावर आहे, निर्णय त्यांचा आहे, असं ठरलं. त्या दिवशी चार तास ते छताकडे बघत बसले होते. मला ते बघवेना. मी माझा टॅबलेट त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, "हा एक भाग बघा. मग काय ते ठरवा."

भाग संपल्यावर ते म्हणाले, "गलबताची सावली चुकीच्या बाजूला पडलीये. पुढचा लावा."

"एका बैठकीला एकच."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. "ठीक आहे. बावन्न होईपर्यंत येतो. मग मला कुणी अडवायचं नाही." हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, घरी सांगितलं. सतरा-अठरा आठवडे. मला वाटलं होतं, तोवर माणसाचं मन बदलेल.

मन बदललं नाही. सावल्या मात्र त्यांनी एकूण एक भागात तपासल्या.

बुधवारच्या आदल्या बैठकीला त्यांची सून मला वजनकाट्यापाशी गाठून उभी राहिली. ती एका शाळेत शिकवते. तिच्या बाहीवर खडूची पूड होती.

"सिस्टर, आमचं कुणाचं ऐकत नाहीत. ह्यांनी तर बोलणंच सोडलंय, नुसते बापाच्या खोलीत जाऊन बसतात. तुमच्याकडे आणखी काही नाही का? दुसरी मालिका? काहीही चालेल."

"काहीही लावलं तर पाच मिनिटांत बंद करतील."

"तरी बघा ना. तुमच्यावर विश्वास आहे त्यांचा."

तिचे डोळे सुजलेले होते. मी बघते म्हटलं. आणि घरी जाऊन माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

पेटीत चोवीस कॉमिक्स होती. मालिका संपल्यावर तीन वर्षांनी कुणीतरी 'सातव्या गलबता'ची पुढची गोष्ट अंकांमधून काढली होती. दाराच्या पलीकडे काय होतं ते सांगायला. काय होतं? सहा हातांची हिरवी माणसं. त्यांची राजकन्या. राजकन्येचं कप्तानावर प्रेम. इतकी वर्षं मी भेटेल त्याला सांगत आले आहे की ही कॉमिक्स म्हणजे चांगल्या शेवटावर ओतलेला चिखल आहे. तरीही सगळी विकत घेतली होती. वाईट म्हणायचं तर पूर्ण वाचून म्हणावं, हा माझा नियम आहे. वहीत चोवीसच्या चोवीस अंकांपुढे शून्य आहे.

बुधवारी पांढरा उजेड पडद्यावर आला आणि गेला. काकांनी टॅबलेट बंद केला.

"उत्तम," ते म्हणाले. "असंच संपवावं."

मी टॅबलेट उचलून बाजूला ठेवला.

"हे पुढे कॉमिक्समध्ये चालू राहिलं, नाही का? कशी आहेत ती?"

मशीनवरचे आकडे बघत मी म्हटलं, "चांगली आहेत."

"चांगली?"

"हो. चोवीस अंक आहेत. मी आणलेत."

आयुष्यात नातेवाइकांशी, वरिष्ठांशी, पेशंटशी गरजेपुरतं खोटं मी बोलले असेन. पण याबाबतीत कधी नाही. काका माझ्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी मोकळा हात पुढे केला.

"द्या पहिला. दर खेपेला एक."

चोवीस अंक म्हणजे आठ आठवडे. मी मनात मोजून ठेवले.

मात्र त्यानंतर त्यांनी मतं देणं थांबवलं. शुक्रवारी आले, दुसरा अंक मागितला, पिशवीत टाकला. "कसा वाटला?" विचारलं तर म्हणाले, "पूर्ण वाचल्याशिवाय बोलू नये. नियम तुमचाच." मला चैन पडेना. राजकन्येचा प्रवेश चौथ्या अंकात आहे. चौथा अंक वाचून आलेला माणूस गप्प बसूच शकत नाही. काका बसले. खुर्चीत डोळे मिटून, पायांत गोळे आले की तेवढं "सिस्टर" म्हणून.

गोळे दर बैठकीला यायला लागले. आठव्या-नवव्या अंकापर्यंत हातावरच्या शिरेत एक सुई धड बसेना. अकराव्याला त्यांचा रक्तदाब एकदम खाली गेला. मी खुर्ची मागे झुकवली, पाय वर केले, सलाईन सोडलं. मिनिटभराने त्यांनी डोळे उघडले तेव्हा चेहऱ्यावर घाम डबडबला होता. "परत आणलंत होय," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात, नुसतं विचारल्यासारखं.

त्या दिवशी घरी जाऊन मी स्वयंपाक केला नाही. स्वयंपाकघरात बसून राहिले. बावीस वर्षांत थकवा काय असतो ते मला कळलंय असं मी समजत होते. मी त्यांना जगवत होते की मला बेचाळिसाव्या भागावर भांडायला माणूस हवा होता? खरं सांगायचं तर दुसरंच जास्त खरं होतं. माझ्या आयुष्यात या विषयावर माझ्याशी कुणी मनापासून भांडलं नव्हतं. माझी मला लाज वाटली. तरी सोमवारी मी बारावा अंक दिला.

एकोणिसावा अंक दिल्यानंतरच्या बैठकीला काका आले तेव्हा सून आणि मुलगा दोघंही सोबत होते. मुलाने बापाची चप्पल स्वतः काढली आणि खुर्चीखाली नीट जोडून ठेवली. मी सुया घेऊन आले. काकांनी भिंतीकडे तोंड केलं नाही.

"सिस्टर, अजून पाच राहिलेत ना?"

"हो."

"कसे आहेत? खरं सांगा."

मुलगा खाली बघत होता. सून माझ्याकडे बघत होती. 'चांगले आहेत' म्हणायला किती वेळ लागतो? पाच अंक म्हणजे जवळजवळ दोन आठवडे. पण त्यांच्या हातावर एकही जागा उरली नव्हती. कोपरापासून मनगटापर्यंत सगळा हात काळानिळा पडला होता. आणि प्रश्न माझ्या वहीतला होता.

"वाईट आहेत, काका," मी म्हटलं. "एकोणिसापर्यंत तरी ढकलत नेता येतं. पुढे अगदीच वाट लागते. चोविसाव्यात राजकन्येचं लग्न होतं."

"कुणाशी?"

"कप्तानाशी."

काका हसले. छाती हलेपर्यंत हसले, मग खोकला आला. मी पाठीवर हात ठेवला तर नुसती हाडं हाताला लागली.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "आजची बैठक करून घेऊ. मुलाला शब्द दिलाय."

सुनेने पदर तोंडाला लावला आणि ती बाहेर गेली. माझ्यावर रागावली असेल असं मला वाटलं. मी फार सावकाश सुया टोचल्या. चार तास काका आणि त्यांचा मुलगा काहीबाही बोलत होते: कुठल्या तरी जुन्या सायकलबद्दल, घराच्या गळक्या नळाबद्दल. निघताना काका माझ्यासमोर थांबले.

"बेचाळिसाव्याला किती दिलेत?"

"तीन."

"पाच करा."

"नाही करणार."

"बघा बुवा," ते म्हणाले आणि मुलाच्या दंडाला धरून हळूहळू गेले. सोमवारी ते आले नाहीत. डॉक्टरांनी घरी लागणारी औषधं लिहून दिली होती, दुखू नये, दम लागू नये म्हणून. त्यापुढच्या सोमवारी काकांची तीन नंबरची खुर्ची एका गाडीचालकाला मिळाली. धिप्पाड माणूस, पण सुईला घाबरणारा.

सोळा दिवसांनी सून आली. हातात कापडी पिशवी होती.

"आठव्या दिवशी गेले," ती म्हणाली. "झोपेत. हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं. मोजून घ्या म्हणाले, एकोणीस आहेत." मग म्हणाली, "त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता, सिस्टर. आता नाही." मी तिचा हात धरला.

जेवणाच्या सुट्टीत मी खिडकीपाशी बसून पिशवी उघडली. प्रत्येक अंकाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, नकाशावर गावांची नावं लिहितात तशा बारीक, सरळ अक्षरांत. 'या माणसाला सहा हात आहेत, खांदे दोनच. कसे?' 'राजवाड्याला जिना नाही, गच्चीवर गेले कसे?' 'राजकन्या. देवा.' मी हसत होते आणि अक्षरं धूसर होत होती. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठामागे जरा मोठा मजकूर होता:

'सिस्टर, पहिल्या आठवड्यात सुई काढताना तुम्ही म्हणाला होतात, की ही कॉमिक्स जाळायच्याही लायकीची नाहीत. तुम्ही विसरलात. माझी मूत्रपिंडं गेली आहेत, कान नाही. तरी वाचतो. कुणी आपल्यासाठी एवढं खोटं बोलावं, हेही काही कमी नाही.'

मी किती जणांना काय सांगितलं याची मला कधीच आठवण नसते. मतं फार, ऐकणारे कमी. जो समोर येईल त्याला सगळं ओतून मोकळी होते. ते चोवीस अंकांबद्दल विचारत होते तेव्हाच त्यांना सगळं ठाऊक होतं. आणि तरीही साडेसहाला येऊन ते तो काळानिळा हात पुढे करत राहिले.

एकोणिसाव्या अंकात एक पान सोडून सगळे समास कोरे होते. शेवटून दुसऱ्या पानावर एका चौकटीभोवती पट्टी लावून बारीक रेघ ओढलेली होती. त्या चौकटीत हिरवी माणसं नव्हती, संवादही नव्हता. गलबताच्या आत, काचेच्या पेट्यांच्या रांगेशेजारी ती जागी राहणारी बाई एका स्टुलावर बसलेली होती, पाठीत थोडी वाकून, हात मांडीवर टाकून. शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं: 'चित्रकाराला बोटं काढता येत नाहीत. पण दमलेली माणसं अशीच बसतात. ही एक चौकट बरी आहे.'

चाळीस वर्षं तो अंक माझ्याकडे होता. ती चौकट मी पाहिलीच नव्हती.

मी माझ्या पर्समधून वही काढली, अंक एकोणीससमोरचं शून्य खोडलं आणि एक लिहिला. बेचाळिसाव्या भागाचं पानही उघडलं. थोडा वेळ पेन धरून बसले. मग तिनाचे चार केले.

तीन नंबरचं मशीन ओरडायला लागलं. गाडीचालकाच्या कोपराखाली नळी दुमडली होती. मी ती सरळ केली, आवाज थांबला. तो घाबरून विचारायला लागला, काही झालं का, काही होणार आहे का. काही नाही म्हटलं, पडून राहा. मग शेजारचं स्टूल ओढलं आणि त्याच्याजवळ बसले.