पहिलं शील

दत्तरावांनी एकाहत्तरच्या लढाईत दोन विमानं पाडली होती. त्यांच्या गावच्या, वालूरच्या तोंडी ती पाच झाली, आणि वायुसेनेतून निवृत्त होऊन ते गावी राहायला आले तोवर सात. सुरुवातीला ते दुरुस्त करायचे. मग कंटाळले. सत्काराला बोलावलं की जायचे, खांद्यावर शाल पडेपर्यंत थांबायचे आणि गीताबाईंना म्हणायचे, "चला आता घरी. लय दमलो."

गीताबाईही दमल्या होत्या, पण त्यांचं दमणं वेगळं. लग्न झाल्यापासून त्या पाहत आल्या होत्या. विहारात पंचशील सुरू झालं की पहिल्या शीलाला, जीवहत्येपासून दूर राहीन या वचनाला, नवरा तोंडात गुळणी धरून बसायचा. उरलेली चार मात्र खणखणीत म्हणायचा.

"शील पुढच्यासाठी असतंय," त्यांनी एकदा समजावलं होतं. "मागचं कोण विचारायलंय?"

"कुणी विचारत न्हाई, तेच तर," दत्तराव म्हणाले होते. "आधी मागचं कुणाला तरी सांगाया पाहिजे."

यंदा बुद्धपौर्णिमेला विहार सकाळीच गच्च भरला. भंतेजींना ताप आला म्हणून ते परभणीहून निघालेच नाहीत. समितीचा सिद्धोधन, शाळेत मास्तर असलेला, घाम पुसत आला.

"आबा, पंचशील आता तुमीच द्या. तुमी म्हणा, आमी मागून म्हणतो. तुमच्याएवढं मोठं हाय कोण इथं?"

"नको म्हणा," गीताबाई हळूच पुटपुटल्या. "बीपी वाढंल."

"न्हाई. आज सांगून टाकतो. आपलीच माणसं हायेत. ऐकलं त्यांनी, की मलाबी पहिलं शील म्हणता येईल."

आपल्या माणसाचं हसू होऊ नये, एवढंच गीताबाईंना वाटत होतं.

दत्तराव माइकसमोर उभे राहिले. त्रिशरण नीट झालं. लोक हात जोडून पुढच्या ओळीची वाट पाहू लागले.

"थांबा," ते म्हणाले. "आधी ऐका. मी सात न्हाई, दोन विमानं पाडली. पहिल्यातला पायलट छत्रीनं खाली उतरला. दुसऱ्याची छत्री उघडली न्हाई. मी वरून बघत होतो. शेवटपर्यंत तो हातपाय हलवीत होता. माझ्याच वयाचा असंल. त्याला मी मारलं. मला अजून त्याचं लय वाईट वाटतंय."

क्षणभर कुणी हललं नाही. ऐकलं यांनी, गीताबाईंना वाटलं, आणि इतक्या वर्षांनी त्यांनी मोकळा श्वास घेतला.

मग मागून कुणीतरी ओरडलं, "आबांचा विजय असो!"

शीलासाठी जोडलेले हात सुटले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी मोबाइल वर धरले. म्हाताऱ्या बायकासुद्धा कौतुकानं माना डोलवू लागल्या. सिद्धोधनच्या तर डोळ्यांत पाणी आलं. "ऊर भरून आला, आबा!" तो म्हणाला.

दत्तराव टाळ्या संपेपर्यंत तसेच उभे राहिले. चिडले नाहीत. चिडायलाही अंगात जोर लागतो. मग घसा खाकरून त्यांनी दुसऱ्या, चोरी न करण्याच्या शीलापासून सुरुवात केली. लोकांनी हात जोडून त्यांच्यामागून मोठ्यानं म्हटलं.

पहिलं शील त्या दिवशी विहारात कुणीच घेतलं नाही, आणि गीताबाईंशिवाय ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.