पहिल्या उडीचा मान

कामरगावजवळच्या त्या वस्तीत बारवेचा सोहळा होता. आताचं सारं गाव याच पाण्यात पोहायला शिकलेलं, म्हणून सगळ्यांनी मिळून पायऱ्यांची डागडुजी केली, काठ रंगवला आणि दिवेलागणीला पाण्यात विजेचे रंगीत दिवेही सोडले.

सोहळ्याच्या पहिल्या उडीआधी माशांना मुरमुरे टाकायची जुनी रीत. म्हातारी भागिरथा खालच्या पायरीवरून मूठमूठ टाकत होती. एरवी मासे नुसते तुटून पडायचे. आज मुरमुरे तसेच तरंगत राहिले. दिव्याच्या वायरीपाशी एक बेडूक उताणा पडला होता.

तिनं झटकन हात मागे घेतला आणि वर पाहून तो जोरजोरात हलवत ओरडली,

"प्रसेनजित, लाइट बंद कर बापा. पान्यात करंट उतरून राह्यला."

वर डीजे दणाणत होता. बटणापाशी उभ्या नातवानं हसून हात हलवला. त्याला वाटलं, आजी खूश आहे.

भागिरथाच्या सासऱ्याला जातीपायी या पाण्याला कधी शिवू दिलं नव्हतं. म्हणून यंदा पहिली उडी आपल्या नातीची, स्नेहाचीच, असं ती ग्रामसभेत भांडून ठरवून आली होती.

समोरच्या काठावर स्नेहानं वेणी वर खोचली आणि आजीकडे पाहून हात जोडले.