थवा कुणी धाडला?

सकाळी स्वयंपाकघराचा पडदा सरकवला आणि व्हर्ना स्टिडमच्या तोंडून जो शब्द निघाला, तो बाप्टिस्ट बाईच्या तोंडून निघू नये. अंगणभर पक्षी उभे होते. गुलाबी, प्लास्टिकचे फ्लेमिंगो, तारेच्या काटकुळ्या पायांवर. कुणी मान उंच केलेली, कुणी गवतात चोच खुपसलेली. नवऱ्याने, ड्वाइटने, नुकत्याच कापलेल्या हिरवळीवर असे ऐसपैस पसरले होते, जसं काही घर त्यांच्याच नावावर होतं. मधोमध पुठ्ठ्याची पाटी होती: ‘तुमच्या अंगणात थवा उतरला आहे! टॅबिथाच्या ग्वाटेमालाच्या सेवायात्रेला हातभार लावा, म्हणजे आम्ही उडून जाऊ.’

मिलर्स फोर्क गावात हा खेळ नवा नाही. चर्चमधलं एखादं कॉलेजचं पोर उन्हाळ्याच्या सुट्टीत देवाच्या कामाला परदेशी निघालं, की त्याच्या प्रवासखर्चासाठी बाकीची पोरं रात्रीतून कुणाच्या तरी अंगणात हे पक्षी रोवून येतात. घरवाल्याने खुशीने काही द्यायचं, मग पोरं पक्षी उपटतात आणि तो सांगेल त्याच्या अंगणात नेऊन लावतात. कुणी पाठवले ते गुपित. ज्याला अगदीच राहवत नाही त्याने वर थोडे जास्त डॉलर ठेवायचे आणि नाव विचारायचं. लोक हसतात, फोटो काढतात, आणि मनातल्या मनात ठरवतात की आता हे कुणाच्या बोडक्यावर घालायचे.

व्हर्नाला हसू आलं नाही. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली, आणि खरं सांगायचं तर ती पाल गेली दोन वर्षं तिथे मुक्कामालाच होती.

दोन वर्षांपूर्वी तिचा मुलगा कर्टिस गावातल्या औषधांच्या दुकानात कामाला होता. लोकांच्या बाटल्यांतून वेदनाशामक गोळ्या काढून घ्यायचा आणि बाहेर विकायचा. समोरच्या घरातल्या इमा जीन पकेटच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तिच्या बाटलीत गोळ्या कमी निघाल्या, तिने दुकानात सांगितलं, आणि कर्टिस पकडला गेला. तो अजून तुरुंगात आहे. व्हर्ना आणि इमा जीनची मैत्री पोरं रांगत होती तेव्हापासूनची. त्या दिवसानंतर व्हर्नाने रस्ता ओलांडला नाही, चर्चची पायरी चढली नाही, आणि किराणा आणायलासुद्धा ती शेजारच्या तालुक्यात गाडी घेऊन जायची, म्हणजे कुणाचे डोळे नकोत.

आता तर घरच विकायचं तिने ठरवलं होतं. शुक्रवारी दलाल बाई यायची होती. मग ओहायोला, बहिणीच्या शेजारी. ड्वाइटने हे घर स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. तो हो म्हणाला नव्हता, नाहीही म्हणाला नव्हता. गप्प बसणं ही त्या माणसाची जुनी खोड होती.

“बघितलंस?” तिने त्याच्या पुढ्यात गरम पावासारखी बिस्किटं आणि त्यांवर ओतायचा रस्सा आदळला. “आता तरी पटलं? या गावाला आपली चेष्टा करायची आहे.”

ड्वाइटने खिडकीतून बघितलं. “पक्षी आहेत गं. अंडी तर घालणार नाहीत.”

“तुला गंमत वाटते! अख्ख्या गावाला त्या पोरीचं मदतीसाठी पत्र गेलंय. त्या दातांच्या डॉक्टरलासुद्धा गेलंय, आणि तो देव मानत नाही. आपल्याला आलं?”

“नाही आलं.”

“चर्चच्या रविवारच्या शाळेत मी शिकवलंय तिला. फलालीनच्या फळ्यावर बायबलमधल्या योनाला गिळणारा कापडी मासा चिकटवता चिकटवता हात दुखायचे माझे. पत्र लिहायला मी नको, आणि प्लास्टिकची पाखरं लावायला माझं अंगण! का? तर येणारा-जाणारा प्रत्येकजण गाडी हळू करून बघेल, चोराच्या आईचं घर कुठलं ते.”

ड्वाइट बिस्किट मोडत राहिला. “कुणी पाठवले असतील असं वाटतं तुला?”

“वाटायचंय काय त्यात? समोरून.”

“मग विचार की तिला.”

“मी? तिच्या दारात जाऊ?”

“नाही तर सोड.”

या ‘सोड’नेच घात केला. सोडणं व्हर्नाच्या रक्तात नव्हतं. ती घरातल्या सपाता घालूनच निघाली. पक्ष्यांमधून वाट काढताना एकाला तिने लाथही मारली, तर तो तारेवर डुलला आणि पुन्हा ताठ उभा राहिला.

इमा जीन ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती. व्हर्ना रस्ता ओलांडून येते आहे हे दिसल्यावर ती काठी धरून उठायला लागली आणि मांडीवरचं भांडं कलंडलं. वाटाणे ओसरीभर झाले. दोघींपैकी कुणीच खाली बघितलं नाही.

“तू पाठवलेस,” व्हर्ना म्हणाली.

“काय?”

“वेड घेऊन पेडगावला जाऊ नकोस, इमा. ते पक्षी.”

इमा जीनने मान लांब करून समोर बघितलं. “अगंबाई! मला वाटलं तूच हौसेने मागवलेस.”

“मी? हौसेने?”

“हे बघ, मी पाठवले असते ना, तर पाटीवर माझं नाव घालून पाठवले असते. लपूनछपून करायची सवय नाही मला. गोळ्या कमी निघाल्या तेव्हाही सरळ सांगितलं.”

“दुकानात सांगितलंस. मला नाही सांगितलंस.” व्हर्नाचा आवाज फाटला. “चाळीस पावलांवर राहत होते मी. माझ्या पोराला मी कान धरून उभा केला असता तुझ्यापुढे. तू मला ती संधी दिली नाहीस.”

इमा जीन काठीवर रेलली. “मला काय माहीत गोळ्या घेणारा तुझा पोरगा आहे म्हणून? मला वाटलं गोळ्या मोजायच्या यंत्राने चूक केली. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. मग आले होते मी.”

“कधी?”

“दोनदा. घंटा वाजवली. तू पडद्यामागे उभी होतीस. पडदा आखूड आहे तुझा, व्हर्ना. पाय दिसत होते.”

व्हर्नाचे कान तापले. “मी रडते आहे का ते बघायला आली होतीस.”

“कोंबडी-भाताचं भांडं घेऊन आले होते! उंबऱ्यावर ठेवून गेले. माझं निळ्या काठाचं भांडं, ते आजतागायत परत आलं नाही.”

ते भांडं व्हर्नाने भातासकट कचऱ्यात टाकलं होतं. त्या आठवड्यात उंबऱ्यावर बरीच भांडी आली होती, आणि तिला प्रत्येक भांड्यात दयाच दिसली होती, किंवा त्याहून वाईट, चौकशी. ती वळली. रस्त्याच्या मधे येईतो मात्र डोकं पुन्हा चालू झालं. एवढं भांड्याचं पुराण कशाला काढलं हिने? विषय बदलायला. पक्षी हिनेच पाठवले असणार. नाही तर चर्चच्या पाळकाच्या बायकोने. नाही तर टपाल टाकणाऱ्या त्या लांबनाक्याने, त्यालाच सगळ्यांची पत्रं माहीत असतात. अर्ध्या तासात तिने गल्लीतलं एकही घर शिल्लक ठेवलं नाही.

तेवढ्यात टॅबिथा जुना पिकअप घेऊन आली. एकटीच. फाटकातून आत यायला तिने इतका वेळ लावला की व्हर्नाच तिला सामोरी गेली. लहानपणी समोरचे दोन दात पडलेली ही पोर प्रत्येक गोष्टीला ‘पण का?’ विचारायची. आता उंच झाली होती आणि काहीच विचारत नव्हती.

“नमस्कार, मिस व्हर्ना.” रविवारच्या शाळेतली तीच जुनी हाक.

“हे तुझे पैसे. आणि हे वरचे. मला नाव हवंय.”

टॅबिथाने पहिल्या नोटा घेतल्या, दुसऱ्या घेतल्या नाहीत. “नाव... विचारायलाच हवं का?”

“त्याआधी हे सांग. सगळ्यांना पत्र लिहिलंस, मला का नाही?”

पोरगी लाल झाली. “लिहिलं होतं. पाकिटात घातलं होतं. आई म्हणाली, त्यांचा वकिलापायी आधीच जीव मेटाकुटीला आलाय, त्यांच्याकडे कशाला मागतेस. मग मला वाटलं, तुम्ही... म्हणजे तुम्ही दार उघडणार नाही.”

“आणि जाऊन करणार काय तू तिथे? दहा दिवस भिंती रंगवायच्या आणि तिथल्या पोरांना मांडीवर घेऊन फोटो काढायचे? भिंती इथे कमी आहेत?”

“थोडं तसंही असतं, मिस व्हर्ना. खोटं कशाला बोलू?” टॅबिथा म्हणाली. “पण मला मुलांचा वर्ग दिलाय. स्पॅनिश धड येत नाही मला. म्हणून फलालीनचा फळा नेणार आहे. तुम्ही करायचा तसा. बोलता नाही आलं तरी मासा चिकटवता येतो.”

व्हर्नाला हे अपेक्षित नव्हतं. तिने त्या वरच्या नोटा पुन्हा पुढे केल्या. “गोड बोलू नकोस. नाव सांग.”

“सांगितलं तर चिडाल.”

“चिडणारच आहे. सांग.”

“पोरीला कशाला छळतेस?” ओसरीवरून ड्वाइट म्हणाला. “ते वरचे पैसे ठेव तुझ्या खिशात. मी बोलावले ते पक्षी.”

व्हर्ना वळली. ड्वाइट झुलत्या खुर्चीत बसला होता, टोपी गुडघ्यावर. सकाळपासून तिने सारं गाव पालथं घातलं होतं मनात, आणि ज्याच्या ताटात बिस्किटं वाढली तो एकटा तिच्या संशयातून सुटला होता.

“तू?” ती म्हणाली. “स्वतःच्याच अंगणात? ड्वाइट, तूसुद्धा हसतोस मला?”

“हसेन कशाला? रविवारी पेट्रोल भरायला गेलो तिथे ही पोरं भेटली. म्हटलं, माझ्याकडे लावा.” तो टोपीशी चाळा करत होता. “तो पहिला आठवडा सोडला तर दोन वर्षं आपल्या दाराची घंटा कुणी वाजवली नाही. मला वाटलं, लावायला नाही तरी पक्षी न्यायला तर कुणी येईल. कुणाशी तरी चार शब्द होतील.”

“मला सांगायला काय झालं होतं? मघाशी, नाश्त्याला, मी एवढी तडतडत होते तेव्हा?”

“सांगितलं असतं तर दार लावून आत बसली असतीस. नाही सांगितलं म्हणून तू रस्ता ओलांडलास, व्हर्ना. भांडायला का होईना, पण ओलांडलास. मी इथून बघत होतो.” मग तो उठून उभा राहिला आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत बोलला नव्हता तसं बोलला. “मला ओहायोला जायचं नाही. मला तिथे मरायचं नाही. तू म्हणशील तर येईन, पण मला जायचं नाहीये, हे तुला कळायला हवं.”

टॅबिथा पिकअपच्या चाकाकडे बघत उभी राहिली, जिवाच्या आकांताने दुसरीकडे बघायचं असतं तशी. व्हर्नाला संताप आला होता, अगदी खरा, आणि तो कुणावर काढायचा हेच कळेना. नवऱ्यावर काढावा तर त्याने चूक काय केली होती? तिने हात पुढे केला आणि जवळचा पक्षी जमिनीतून उपटला. तारेला ओली माती लागून आली.

“पुढचं घर कुणाचं, मिस व्हर्ना?” टॅबिथाने हळूच विचारलं. “तुम्ही सांगायचं असतं.”

“समोरचं.”

“नाव गुप्त ठेवू ना?”

“काही गरज नाही. मीच नेते.” तिने आणखी एक पक्षी उपटला, दोन्ही काखोटीला मारले आणि फाटकाशी थांबली. “ड्वाइट, त्या शुक्रवारच्या बाईला फोन कर.”

“काय सांगू?”

“येऊ नको म्हणून सांग. कारण विचारलं तर आमच्यात बोलणं व्हायचंय म्हणावं. तुझ्या-माझ्यात.”

इमा जीन ओसरीवर खाली बसून एकेक वाटाणा गोळा करत होती. गुडघा वाकत नव्हता म्हणून तिने तो पाय लाकडासारखा पुढे सरळ ताणला होता. व्हर्नाला पक्ष्यांसकट येताना बघून ती ओरडली, “मी एक छदाम देणार नाही हं! आधीच सांगते!”

“नको देऊस.” व्हर्नाने पक्षी तिच्या फुलझाडांत रोवायला घेतला. तार वाकडी झाली, आत जाईना.

“तिथे दगड आहेत गं. अलीकडे लाव.”

व्हर्नाने अलीकडे लावला. मग दुसरा हातात तसाच धरून ती पायरीपाशी उभी राहिली. तिची नजर त्या ताणलेल्या पायावर, गुडघ्यावरच्या लांबलचक व्रणावर गेली. दोन वर्षांत कोणी काय केलं, कोण काय म्हणालं, कुणी कसं बघितलं, याचा तिने मनात कीस पाडला होता. ही एक गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती.

“इमा,” ती म्हणाली, “त्या गोळ्या नव्हत्या तेव्हा... फार दुखलं का गं?”

इमा जीनने ओंजळीतले वाटाणे भांड्यात टाकले. “हो,” ती म्हणाली. “फार दुखलं.”

व्हर्ना पक्षी बाजूला ठेवून ओसरीवर गुडघे टेकून बसली आणि दूर गेलेले वाटाणे वेचू लागली.