सात नंबर

दोरीपलीकडची खुर्ची मुकादमांनी एका हातानं तिरकी केली आणि गुडघे टेकून तिच्या बुडाखाली पाहिलं.

"अहो काका! हात लावू नये ही पाटी काय शोभेला लावलीय?" हवेली दाखवणाऱ्या बाई दारातूनच ओरडल्या.

"आकडा बघत होतो." मुकादम उठले तसे गुडघे कटकन वाजले. "चौदा. रंगानं घातलाय. मी खडूनं घालायचो."

चाळीस वर्षं त्यांनी लोकांची घरं हलवली होती. सामान बांधायच्या आधी प्रत्येक वस्तूच्या बुडाला नंबर, मगच दोरखंडाला हात. हाताखालची माणसं चेष्टेनं म्हणायची, मुकादमांसमोर झोपू नका रे, तळपायाला नंबर घालतील. धंदा सोडून सहा वर्षं झाली, तरी सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा असायचाच. जित्याची खोड, दुसरं काय!

हा माणूस जाणकार आहे म्हटल्यावर बाई नरमल्या. "मालक उन्हाळ्यात डोंगरावरच्या घरी जायचे. निम्मी हवेली बरोबर. ज्याला आकडा ते गाडीत चढायचं, बाकीचं जागच्या जागी."

"आणि आकडा पुसला गेला तर?"

मुकादमांच्या बायकोनं विचारलं. पर्स छातीशी धरून ती दोरीपाशी उभी होती. चार दिवसांत तिनं आपणहून विचारलेली ही पहिली गोष्ट.

"तर काय, राहायचं इथंच," बाई हसून म्हणाल्या.

मुकादमांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. दहालाच त्यांच्या घरासमोर टेम्पो लागला असणार.

धाकटा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली होती. पंचविशीही पुरी झाली नव्हती त्याची. दोन महिन्यांचं आजारपण आणि संपलं. तेव्हापासून त्याची खोली जशीच्या तशी होती. दुपारी जेवण उरकलं की बायको तिथं जाऊन बसायची ती दिवेलागणीपर्यंत. दारावरची बेल वाजो, कुकर करपो, तिला पत्ता नसायचा. शेवटी लेकीनंच विषय काढला. "बाबा, तो गेलाच, आता आईपण जायची त्या खोलीत. तिला चार दिवस कुठं तरी घेऊन जा. सामान वसतिगृहाला देऊ, मी बघते सगळं. पण तिला आधी सांगा हं. चोरून नको."

सांगतो, असं मुकादम म्हणाले होते. निघायच्या आदल्या दिवशी बायको अंघोळीला गेल्यावर त्यांनी पलंगाला एक, टेबलाला दोन असे नऊ आकडे घातले. नंबर आहे तेवढंच द्यायचं, बाकी राहू दे, असं लेकीला बजावलं. मग या आडगावात, शेतातल्या दोन खोल्यांत येऊन राहिले. रोज संध्याकाळी अंगणात बसल्यावर सांगायला तोंड उघडायचे आणि चहात साखर कमी आहे असलं काहीतरी बाहेर पडायचं. भल्याभल्यांची कपाटं जिन्यावरून उतरवलेला माणूस, पण एवढं एक वाक्य त्यांना उचलवेना.

पुढची खोली लहान होती. छोटा पलंग, निळा पलंगपोस, कोपऱ्यात लाकडी घोडा.

"मालकांचा मुलगा नऊ वर्षांचा असताना गेला," बाई म्हणाल्या. "आई होती तोवर खोलीतली काडी हलू दिली नाही तिनं."

"पलंगपोस त्याचाच?" मुकादमांच्या बायकोनं विचारलं.

"छे हो! हा तिसरा. पहिले दोन धुऊन धुऊन विरले. पडदे नवे, गादी नवी. त्याचा म्हणाल तर तो घोडा तेवढा."

बायको बराच वेळ घोड्याकडे पाहत राहिली. मुकादमांना वाटलं, आता सांगितलंच पाहिजे. तिचं कोपर धरून ते बाहेर आले. दोघं पायऱ्यांवर बसली. समोर हिरवळीवर कुणी नव्हतं.

"अगं, मी काय म्हणतो, घरी..."

फोन वाजला. लेक होती. मुकादम उठून चार पावलं लांब गेले.

"बाबा, टेम्पो भरलाय. पण सहानंतर एकदम आठच. आकडा चुकला का तुमचा?"

"माझा आकडा चुकत नाही."

"कशाला ऐटीत सांगताय! सगळे आकडे वेडेवाकडे काढलेत, हात कापायला लागलाय का? आणि खुर्चीखाली तर नुसता पांढरा फराटा आहे, ओलं फडकं मारल्यासारखा. पाठीवर त्याचा शर्ट आहे ना, ती खुर्ची. देऊ का तीपण?"

मुकादमांनी वळून पाहिलं. ती पायरीवर खाली मान घालून बसली होती. तीन वर्षं रोज सकाळी हीच त्या पलंगाखाली, टेबलाखाली वाकून फडकं फिरवत होती. निघायच्या दिवशीही तिनं घर पुसलं होतं. हे आपल्या डोक्यात कसं आलं नाही? कसलं डोकं आपलं!

"बाबा? माणसं खोळंबलीत."

"राहू दे ती," मुकादम म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला.

ते तिच्याशेजारी येऊन बसले.

"ताईचा फोन होता?" तिनं विचारलं.

"हं."

"गेलं सगळं?"

"गेलं. तुला सांगणार होतो गं. रोज सांगणार होतो."

"मी सगळेच पुसले होते," ती म्हणाली. "तुम्ही बॅगा बांधत होता तेव्हा. राग आला होता तुमचा. मग खुंटीवरच्या सदऱ्यातला खडू घेतला आणि एकेक परत घातला. सातला मात्र हात वळेना."

मुकादमांना रडू आवरेना. हवेलीच्या बाई दारात आल्या आणि त्यांना तसं पाहून आल्या पावली आत गेल्या. मुकादमांच्या गुडघ्यावर हात ठेवून बायको तशीच बसून राहिली.

"ताईला परत लावा फोन," थोड्या वेळानं ती म्हणाली. "शर्टाची घडी घालू नकोस म्हणावं."